वाचलेल्या पुस्तकाविषयी चारचौघांत बोलताना

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार.

मी बोरिवलीला राहते. नोकरीसाठी रोज चर्चगेटपर्यंत जाणे-येणे असते आणि माझे बहुतेक वाचन लोकलमध्येच होते. आमच्या सोसायटीत महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही काही जण जमतो आणि प्रत्येकाने नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाविषयी दहा मिनिटे बोलावे, असा रिवाज आहे. मला प्रवासवर्णने, गुन्ह्यांवरची पुस्तके आणि इतिहास, या तिन्हींची आवड आहे, आणि तिन्हींविषयी बोलताना माझी पंचाईत होते. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’वर बोलायला उभी राहिले, तेव्हा ‘वर्णन फार सुंदर आहे’ यापलीकडे काही सुचेना. एका रहस्यकादंबरीवर बोलताना गुन्हेगार कोण ते सांगून बसले आणि तेच पुस्तक निम्मे वाचून झालेल्या शेजारच्या ताई मनापासून दुखावल्या. गेल्या महिन्यात पानिपतावरील एका कादंबरीबद्दल मी म्हटले, की यातले तंबूतले संवाद लेखकाच्या कल्पनेतले आहेत. त्यावर आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, ते म्हणाले, ‘म्हणजे आपल्या माणसांनी तिथे रक्त सांडले ते खोटे का?’ पुढे कोणी काही बोललेच नाही. मी इतिहासाची अभ्यासक नाही, समीक्षक नाही. मत मांडण्याचा मला अधिकार आहे का, की यापुढे मी नुसते ऐकावे? पुढच्या बैठकीत मुंबईतल्या बावला खून प्रकरणावरील पुस्तकाविषयी बोलायचे मी आधीच कबूल केले आहे.

— एक वाचक, बोरिवली

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते मिळाल्याशिवाय बाकीच्या सल्ल्याचा तुम्हाला उपयोग होणार नाही. नुसते ऐकू नका, बोला. विकत घेऊन किंवा वाचनालयातून आणून, गर्दीच्या डब्यात उभ्याने का होईना, जो माणूस पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, त्याला त्या पुस्तकाविषयी मत मांडण्याचा पूर्ण अधिकार आहे. तो पदवीने मिळत नाही आणि पदवी नाही म्हणून जातही नाही. ज्याने पुस्तक उघडलेलेच नाही आणि तरी जो ऐकीव माहितीवर ठामपणे बोलतो, त्याने मात्र गप्प बसावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मत कशाला म्हणायचे, हे आपण नीट ठरवून घेऊ. ‘छान आहे’, ‘कंटाळवाणे आहे’, ‘प्रत्येकाने वाचलेच पाहिजे’ ही वाक्ये आपण सगळेच बोलतो, पण ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही, कारण ती पुस्तकाविषयी कमी आणि आपल्या मनःस्थितीविषयी अधिक सांगतात. पुस्तकाने आपल्याला कशावर विश्वास ठेवायला सांगितले, तो विश्वास कुठे बसला आणि कुठे डळमळला, हे पान उघडून दाखवता आले की ते मत झाले. ते चुकीचेही असू शकेल, पण मग समोरचा माणूस तेच पान वाचून तुम्हाला दुरुस्त करू शकतो. असे झाले की बैठकीत खरी चर्चा सुरू होते.

तुमच्या तिन्ही अडचणी वरवर वेगळ्या दिसल्या तरी त्यांचे मूळ इथेच आहे. तुम्हाला आवडणाऱ्या तिन्ही प्रकारच्या पुस्तकांचा वाचकाशी असलेला करार वेगवेगळा असतो आणि आपण मात्र तिन्हींना एकच प्रश्न विचारतो, की आवडले की नाही. प्रवासवर्णन लिहिणारा म्हणतो, मी तिथे गेलो होतो आणि हे मी पाहिले. रहस्यकथा लिहिणारा म्हणतो, मी तुझ्यापासून काही लपवीन, पण उलगडा करायला लागणारे धागे तुझ्यासमोर ठेवीन आणि तुला फसवणार नाही. इतिहास लिहिणारा म्हणतो, मी हे कशाच्या आधारावर म्हणतो आहे ते तुला तपासून पाहता येईल. ज्याने जे कबूल केले, त्याच्याकडून तेवढेच मागावे. इतिहासकाराकडे रहस्यकथेची पकड मागू नये आणि कादंबरीकाराकडे पुराव्याचे कागद मागू नयेत. मात्र कादंबरीकार आपले लेखन इतिहास म्हणून पुढे करू लागला, तर त्यालाही कागद मागावेत.

‘माझा प्रवास’ हे पुस्तक तुम्ही निवडलेत याचा मला फार आनंद झाला, कारण तुमच्या तिन्ही आवडी त्या एका पुस्तकात एकत्र आल्या आहेत. पेणजवळच्या वरसई गावचा एक भिक्षुक ब्राह्मण घरावरचे कर्ज फेडायला चार पैसे मिळावेत म्हणून १८५७ साली चुलत्यासोबत उत्तरेकडे निघतो. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि तिथे चांगली दक्षिणा मिळेल, एवढेच त्याच्या डोक्यात असते. आणि तो नेमका बंडाच्या धामधुमीत सापडतो. झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहरात होता, आणि इंग्रजी फौज आत शिरल्यावर झालेली कत्तल व लूट त्याने जीव मुठीत धरून पाहिली. कष्टाने जमवलेली कमाई वाटेत लुटारूंनी काढून घेतली. प्रवास, गुन्हा आणि इतिहास हे सगळे एकाच माणसाच्या वाट्याला आले आणि त्याने ते लिहून ठेवले, यासाठी मराठी वाचकाने त्याचे कायम ऋणी राहिले पाहिजे.

अशा पुस्तकाविषयी ‘वर्णन सुंदर आहे’ एवढेच सुचते, कारण आपण वर्णनाकडे पाहतो आणि वर्णन करणाऱ्याला विसरतो. पुढच्या वेळी प्रवासवर्णनाला हे विचारून पाहा : हा माणूस कशासाठी निघाला, खर्च कोणी केला, तिथली भाषा त्याला येत होती का, किती दिवस राहिला आणि कोणाच्या घरी उतरला? गोडसे भटजी पोटासाठी निघाले होते, म्हणून कुठे काय दक्षिणा मिळाली, कोणत्या दरबारात ब्राह्मणांचा मान कसा राखला जातो, जेवणावळीत काय होते, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. नकाशा काढायला आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला त्याच झाशीत तट, बुरूज आणि पाण्याच्या जागा दिसल्या असत्या. लेखकाचा व्यवसाय आणि गरज त्याच्या डोळ्यांना वळण लावतात. हे एकदा लक्षात आले, की बोलायला दहा मिनिटे पुरत नाहीत.

याच पुस्तकातला काल्पीच्या वाटेवरचा प्रसंग घ्या. पराभवानंतर घोड्यावरून दौडत आलेली, थकलेली आणि तहानलेली राणी लक्ष्मीबाई विहिरीपाशी भटजींना भेटते. ते पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती त्यांना थांबवते, दोर आणि मडके स्वतःकडे घेते, स्वतः पाणी काढते आणि ओंजळीने पिते. या ठिकाणी लेखक विहिरीपासून चार पावलांवर उभा आहे आणि ते वाचताना आपल्याला जाणवते. मडके, दोर, ओंजळ या वस्तू ऐकीव गोष्टीत सहसा इतक्या जागच्या जागी येत नाहीत. आता त्याच पुस्तकात दूरच्या शहरांत बंडाची ठिणगी कशी पडली, याचा जो मजकूर येतो, तो याच्याशेजारी ठेवून पाहा. तो वाटेत भेटलेल्या लोकांकडून कळलेला आहे आणि त्यात अफवांचा रंग मिसळला आहे. लेखक खोटे बोलत नाही. तो आपल्याला पाहिलेलेही सांगतो आणि ऐकलेलेही सांगतो, आणि कोणते कोणते हे ओळखण्याचे काम वाचकाचे आहे. तुम्ही बैठकीत विहिरीचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला असता, मग अफवेचा एक परिच्छेद वाचला असता आणि ‘या दोहोंत मला हा फरक जाणवला’ एवढे म्हणाला असता, तरी त्या दिवशीचे तुमचे बोलणे सगळ्यांच्या लक्षात राहिले असते.

आणखी एक गोष्ट तुमच्या वयोवृद्ध मंडळींना नक्की आवडेल. गोडसे भटजींनी ही हकिकत घडल्यानंतर सुमारे पाव शतकाने, आठवणीतून लिहिली. ती चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केली आणि करताना भाषेवर व मजकुरावर त्यांचा हात फिरला. पुढे दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखिताच्या आधारे वेगळी आवृत्ती सिद्ध केली. तेव्हा जुन्या पुस्तकावर बोलताना आपण कोणती आवृत्ती वाचली, हे आरंभीच सांगावे. हा विद्वत्तेचा देखावा नव्हे. दोघांनी दोन आवृत्त्या वाचल्या असतील, तर ते दोघे दोन वेगळ्या मजकुरांवर भांडत बसतील आणि ते त्यांच्या लक्षातही येणार नाही.

भटजींच्या अगदी उलट बाजूचे पुस्तक पाहायचे असेल, तर पंडिता रमाबाईंनी अमेरिकेवर लिहिलेले, १८८९ साली निघालेले प्रवासवृत्त मिळवा. त्यात डोंगर आणि धबधबे शोधू नका. तिथला राज्यकारभार कसा चालतो, बायका शिकतात कशा, संस्था कशा उभारतात, हे पाहायला त्या गेल्या होत्या आणि त्यांनी तेच लिहिले. गेल्या काही वर्षांत निघालेली कितीतरी प्रवासवर्णने विमानतळ, हॉटेल, नाश्ता आणि प्रेक्षणीय स्थळे या क्रमाने चालतात आणि तिथल्या एकाही माणसाचे नाव त्यांत येत नाही. असे पुस्तक हाती आले, तर ‘आवडले नाही’ म्हणण्यापेक्षा ‘दोनशे पानांत लेखक तिथल्या कोणाशीही दोन मिनिटे बोललेला दिसत नाही’ असे म्हणावे. ते अधिक खरे आहे आणि लेखकाच्या कानावर गेले, तर त्याच्याही उपयोगाचे आहे.

रहस्यकादंबरीच्या बाबतीत ताईंचे दुखावणे योग्य आहे, हे प्रथम मान्य करा. रहस्यकथेचा शेवट एकदाच कळतो आणि ती एक वेळ तुम्ही त्यांच्याकडून घेतली. त्यांना भेटून सरळ तसे सांगा आणि शक्य असल्यास न वाचलेले दुसरे एखादे चांगले पुस्तक त्यांच्या हाती द्या. पुढे काय काळजी घ्यायची, तेही सांगते. रहस्यकथेवर बोलताना पहिल्या तिसऱ्या हिश्शाच्या पुढे जाऊ नये. गुन्हा कुठे घडला, कोणत्या समाजात घडला, तपास करणारा माणूस कसा आहे, तो तर्काने चालतो की धाडसाने, लेखकाने गाव किंवा शहर किती खरे उभे केले आहे, यावर शेवटाला हात न लावता भरपूर बोलता येते. ‘शेवटी असा धक्का बसतो, की काही विचारू नका’ हे वाक्यही टाळा, कारण जाणता वाचक त्या सूचनेने सावध होतो, ज्याच्यावर सर्वांत कमी संशय आहे त्याच्याकडे बोट दाखवतो आणि निम्मे रहस्य तिथेच फुटते.

तरीही शेवटावर बोलण्याची गरज असते, हे मी नाकारत नाही, कारण लेखकाने करार पाळला की नाही याचा निवाडा शेवट कळल्याशिवाय होत नाही. उलगड्याला लागणारा एखादा धागा त्याने आधी कुठे ठेवला होता, की ऐन वेळी परदेशातून परतलेला जुळा भाऊ उभा केला, हे बोलायलाच हवे. त्यासाठी बैठकीचे दोन भाग करा. चहाच्या आधी शेवट न सांगता बोला. चहानंतर, ज्यांना पुस्तक वाचायचे आहे त्यांनी हवे तर निरोप घ्यावा असे सांगून, उरलेल्यांनी मोकळेपणाने बोलावे. एवढी व्यवस्था पुरेशी आहे.

रहस्यकथांविषयी बोलताना संकोच मात्र करू नका. आपल्याकडे या वाङ्मयाला हलके समजण्याची जुनी खोड आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली. त्यांचे झुंजार, धनंजय आणि काळापहाड यांच्या नादाने गिरणगावातल्या चाळींपासून खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांपर्यंत कितीतरी मुले पुस्तकाला चिकटली आणि त्यांतली पुष्कळशी पुढे गंभीर वाचनाकडे वळली. ज्या लेखनाने वाचनाची सवय लावली, त्याची चिकित्सा बाकी साहित्याइतक्याच मनापासून झाली पाहिजे, असे मला फार वाटते.

आता आप्पांकडे वळू, कारण तुमच्या पत्रातली खरी वेदना तिथे आहे. तुमचे म्हणणे बरोबर होते. १४ जानेवारी १७६१ च्या आदल्या रात्री भाऊसाहेबांच्या तंबूत कोण काय बोलले, हे शब्दशः टिपून घेणारा तिथे कोणी बसला नव्हता, आणि कादंबरीतले ते संवाद लेखकाने रचले आहेत, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण तुम्ही सुरुवात ‘काय खरे नाही’ इथून केलीत. आप्पांच्या पिढीने पानिपत पुस्तकात वाचण्याआधी आजोबांच्या तोंडून ऐकलेले असते. कोणाच्या घराण्यातला कोणी तिकडून परत आला नाही, एवढीच आठवण काही घरांत उरली आहे. त्या माणसाने ‘कल्पनेतले’ हा शब्द ऐकला, की त्याला आपल्या घरातले मरणच कोणी नाकारते आहे असे वाटते. त्यांच्या रागामागे शोक आहे आणि त्याचा मान राखूनही तुम्हाला तुमचे म्हणणे पूर्ण मांडता येईल.

त्यासाठी क्रम बदला. आधी जे नक्की आहे ते सांगा. लढाई झाली, विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ पडले, हजारो माणसे मेली, आणि ‘दोन मोती गळाल्याचा, सत्तावीस मोहरा हरवल्याचा’ सांकेतिक निरोप नानासाहेब पेशव्यांपर्यंत पोहोचला. मग हे आपल्याला कळले कशावरून, ते सांगा. अब्दालीच्या बाजूने उतरलेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौलाच्या पदरी असलेला काशिराज पंडित त्या दिवशी शत्रूच्या गोटात होता आणि त्याने पुढे फारसीत हकिकत लिहिली, म्हणजे एक मराठी माणूस पलीकडच्या बाजूने ही लढाई पाहत होता. भाऊसाहेबांची बखर आहे. तिचा आवेश अंगावर काटा आणणारा आहे आणि तिच्यातले आकडे जपून घ्यावे लागतात. प्रत्यक्ष त्या काळातली पत्रे आहेत, वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो पानिपतापर्यंतच्या दशकातल्या पत्रांचाच होता. या साधनांवर आयुष्य घालवून आणि रणभूमी स्वतः पाहून त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पानिपतावर जे लिहिले, ते मराठी इतिहासलेखनातले माझे सर्वांत आवडते पुस्तक आहे, कारण त्यात लेखकाचे प्रेम आणि लेखकाची चिकित्सा एकमेकांच्या आड येत नाहीत. एवढे सांगून झाल्यावर म्हणा, ‘या सगळ्या कागदांच्या मधल्या मोकळ्या जागा कादंबरीकाराने संवादांनी भरल्या आहेत, आणि मला त्यांतला अमुक संवाद पटला, तमुक पटला नाही.’ हे ऐकून आप्पा चिडणार नाहीत. चिडले तरी पुस्तकावर चिडतील, तुमच्यावर नाही.

कादंबरी आवडणे आणि ती तपासणे यांत विरोध आहे, असे कोणी म्हणाले, तर त्यांना रणजित देसाई यांची ‘श्रीमान योगी’ उघडून दाखवा. त्या कादंबरीच्या आरंभीच नरहर कुरुंदकरांची पत्ररूप दीर्घ प्रस्तावना आहे आणि तिच्यात शिवचरित्राच्या साधनांची आणि त्यातल्या अवघड प्रश्नांची रोखठोक चर्चा आहे. लेखकाने स्वतःच्या पुस्तकाच्या दारातच चिकित्सेला मानाची जागा दिली. ज्या घरांत ही कादंबरी भक्तिभावाने वाचली जाते, त्यांतल्या अनेकांनी प्रस्तावना ओलांडून थेट पहिले प्रकरण गाठलेले असते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. तुमच्या एखाद्या बैठकीत फक्त त्या प्रस्तावनेवर बोला; तो महिना वाया जाणार नाही.

आप्पांना पुढच्या बैठकीपर्यंत वाट पाहायला लावू नका. त्यांच्या घरी जा, ती कादंबरी सोबत न्या आणि त्यांना कोणते पान सर्वांत जास्त भिडले, ते विचारा. ‘आप्पा, तुम्ही दुखावलात, मला वाईट वाटले, माझे म्हणणे संवादांपुरते होते’ इतके बोला आणि मग त्यांचे ऐका. त्यांच्या लहानपणी घरात पानिपताविषयी काय सांगितले जाई, ते विचारून घेतलेत तर फारच चांगले. शक्य झाल्यास काशिराजाच्या हकिकतीचा किंवा शेजवलकरांच्या पुस्तकाचा थोडा भाग त्यांनी बैठकीत वाचून दाखवावा, अशी विनंती करा. जुनी पुस्तके दुकानात मिळाली नाहीत, तर येता-जाता दादरला उतरून मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करा. १८९८ पासून चालत आलेली ती संस्था आहे आणि आपल्यासारख्यांसाठीच आहे.

आता थोडे तयारीविषयी. लोकलमध्ये वाचताना पेन्सिल चालत नाही, हे मला ठाऊक आहे. कागदाच्या चार-पाच पट्ट्या पुस्तकात ठेवा आणि जिथे विश्वास घट्ट बसला किंवा जिथे शंका आली, तिथे पट्टी घाला. घरी आल्यावर त्या पानांवर का थांबलात, ते एका ओळीत लिहून ठेवा. पुस्तक संपल्याबरोबर बोलू नका, एक-दोन दिवस जाऊ द्या. संपल्या संपल्या आपण शेवटच्या प्रकरणाविषयीच बोलतो आणि मधली दोनशे पाने विसरतो. दहा मिनिटांत कथानक सांगायला दोन मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका आणि एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवाच. लेखकाचा आवाज ऐकल्याशिवाय ऐकणाऱ्याला तुमचे मत तपासता येत नाही. एखादी गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल, तर तसे स्वच्छ सांगा. अभ्यासक नसण्याचा तोटा तुम्हाला वाटतो तेवढा नाही. ‘हे मला कळले नाही, कोणाला माहीत आहे का?’ असे विचारायला तुम्हाला संकोच वाटण्याचे कारण नाही, आणि अनेकदा त्या एका प्रश्नाने बैठक रंगते.

राहिले बावला प्रकरण. इथे मी तुम्हाला विशेष काळजी घ्यायला सांगेन, कारण खऱ्या गुन्ह्यावरचे पुस्तक दोन करार एकदम करते. ते रहस्यकथेसारखे खिळवून ठेवू पाहते आणि इतिहासासारखे पुरावेही पुढे करते. शेवट लपवण्याची इथे गरज नाही. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर अब्दुल कादिर बावला या व्यापाऱ्याच्या मोटारीवर हल्ला झाला, त्याला गोळ्या घातल्या गेल्या, सोबत असलेल्या मुमताज बेगमला पळवून नेण्याचा प्रयत्न झाला आणि तिच्या चेहऱ्यावर वार झाले. गोल्फ खेळून परतणारे लष्करी अधिकारी योगायोगाने तिथे पोहोचले, म्हणून ती वाचली. हल्लेखोरांचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोहोचले, मुंबई उच्च न्यायालयात खटला चालला, आरोपींच्या वकिलांत बॅरिस्टर जिना होते आणि १९२६ साली तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. इतके सगळे असल्यावर कोणताही लेखक राजवाडा, मोटारी आणि मोठमोठे बॅरिस्टर यांच्यामागे धावतो, आणि वाचकही धावतो.

अशा पुस्तकांत बहुधा मेलेल्या माणसाची आणि वाचलेल्या बाईची बाजू पातळ होते. पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्याबद्दल चाललेल्या १९५९ च्या नानावटी खटल्याचेही तसेच झाले आहे. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलेला देखणा नौदल अधिकारी सगळ्यांच्या लक्षात आहे, पुढे उच्च न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली हे थोड्यांच्या लक्षात आहे, आणि मेलेला प्रेम आहुजा काय म्हणाला असता, हा प्रश्न विचारायला सहसा कोणी थांबत नाही. म्हणून तुम्ही पुस्तक पुन्हा चाळाल, तेव्हा मुमताजचे बोलणे कुठे कुठे आले आहे, ते पाहा. तिने न्यायालयात साक्ष दिली होती. लेखकाने तिचे म्हणणे तिच्या शब्दांत दिले आहे, की ‘रूपवान नर्तकी’ म्हणून दोन परिच्छेदांत उरकले आहे? तिच्या मनात त्या क्षणी काय चालले होते असे लेखक लिहितो, तेव्हा ते तिच्या साक्षीतून आले आहे, त्या वेळच्या वर्तमानपत्रातून, की त्याच्या स्वतःच्या मनातून? या प्रश्नांची उत्तरे ज्या पानांवर आहेत, तिथे पट्ट्या घाला, बैठकीत मलबार हिलचा प्रसंग पाच वाक्यांत संपवा आणि उरलेला वेळ त्या पानांना द्या. आप्पांना शेजारी बसवा; इंदूरच्या बाजूने बोलायला त्यांच्याकडे बहुधा पुष्कळ असेल, आणि ते त्यांना पुरते बोलू द्या.